बागेतून दिसणाऱ्या पक्ष्यांची वर्षयादी कशी ठेवावी?

प्रश्न: आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊसमध्ये राहतो. पुढे-मागे मिळून छोटी बाग आहे. त्यात पेरू, शेवगा, जास्वंद आणि कुंपणाला मेंदी. माझी धाकटी बहीण मखमलाबादला राहते, तिच्या घराला लागूनच दुसऱ्यांची द्राक्षबाग आहे. घरून दिसलेल्या पक्ष्यांची १ जानेवारीपासून यादी ठेवायची असं दोघींनी ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात भांडण लागलं. डोक्यावरून उडत गेलेला बगळा धरायचा का? नुसता आवाज ऐकला तर? शेजाऱ्यांच्या उंबरावरचा पक्षी कोणाचा? आणि वर्षाअखेर किती जाती झाल्या म्हणजे यादी चांगली समजायची?

उत्तर: ताई, भांडण पहिल्याच आठवड्यात लागलं हे बरं झालं. डिसेंबरात लागलं असतं तर वर्षभराच्या नोंदी उकरत बसावं लागलं असतं. आताच नियम ठरवा, दोघींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि ३१ डिसेंबरपर्यंत त्यांना हात लावू नका.

घरच्या यादीचा सगळीकडे चालणारा संकेत साधा आहे. बघणाऱ्याचे पाय घराच्या हद्दीत हवेत, पक्षी कुठे का असेना. म्हणजे शेजाऱ्यांच्या उंबरावरचा तांबट तुमचा, गच्चीवरून दिसलेली घार तुमची आणि संध्याकाळी ओळीने घरी परतणारे गायबगळेही तुमचेच. बहिणीला तिच्या गच्चीवरून द्राक्षबागेत दिसलेला पक्षी तिला चालेल, पण बांधावर जाऊन पाहिलेला चालणार नाही, कारण बाग तिची नाही. आवाज पक्का ओळखीचा असेल तर धरायचा. आवाज वगळले तर पावशा, पिंगळा, रातवा ही मंडळी यादीत कधी येणारच नाहीत. पिंजऱ्यातून सुटलेले लव्हबर्ड आणि कोणाच्या कोंबड्या धरायच्या नाहीत. पारवे मात्र धरायचे, कितीही राग आला तरी.

यात मी एक भर सुचवतो. यादीला दोन रकाने करा, एक ‘बागेत’ आणि एक ‘बागेतून’. झाडावर बसला, पाणी प्यायला, फळ खाल्लं, गवतात किडे शोधले, तो पक्षी बागेत. नुसता वरून गेला किंवा समोरच्या टॉवरवर बसला, तो बागेतून. स्पर्धेला दोन्ही मिळून धरा. पण तुमची बाग पक्ष्यांच्या किती उपयोगाची आहे हे पहिला रकानाच सांगतो, आणि पुढच्या वर्षी काय लावायचं तेही त्यावरूनच कळतं.

आता महत्त्वाचा भाग. १ जानेवारीला सुरू होणारी यादी आपल्याकडच्या पक्ष्यांच्या वर्षाला बरोबर मधोमध कापते. थिरथिरा घ्या. हा चिमणीएवढा पाहुणा ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. तुमच्या यादीत त्याच्यापुढे ‘३ जानेवारी’ लागेल. या तारखेवरून पक्ष्याबद्दल काहीच कळत नाही, तुम्ही वही कधी उघडली एवढंच कळतं. तो आला त्याला तेव्हा दोन-अडीच महिने झालेले असतात. शिवाय हिवाळी पाहुण्यांना एका कॅलेंडर वर्षात दोनदा संधी मिळते, जानेवारी ते मार्च आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. नवरंगासारख्या वाटसरूला एकदाच, तीही थोडेच दिवस. त्यामुळे नुसती बेरीज बघितली तर सगळे पक्षी सारखेच दिसतात, आणि खरं सांगण्यासारखं जे असतं ते लिहिलंच जात नाही.

म्हणून प्रत्येक जातीपुढे तीन तारखांची जागा ठेवा. वर्षातली पहिली नोंद, उन्हाळ्याआधीची शेवटची नोंद आणि पावसाळ्यानंतर परत आल्याची पहिली नोंद. बाराही महिने राहणाऱ्या चिमणी-साळुंक्यांना पहिली तारीखच पुरते, बाकीच्या रिकाम्या राहू द्या. यातली शेवटची नोंद सगळ्यात अवघड. आलेला पक्षी लक्षात येतो, गेलेला येत नाही. थिरथिरा गेला हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. पंधरा दिवस दिसला नाही की आपण वही मागे चाळतो आणि शेवटची नोंद शोधतो. ती सापडायची असेल तर रोजची वही हवी, नुसती यादी पुरत नाही. अशी दोन-तीन वर्षं झाली की थिरथिरा यंदा लवकर गेला की उशिरा, हे तुम्ही स्वतःच्या आधारावर सांगू शकाल. पाथर्डी फाट्यावरची ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसेल.

वहीचं तंत्र कंटाळवाणं वाटेल, पण सगळं त्यावरच उभं आहे. दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं बागेत किंवा गच्चीवर बसा. सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात चांगला. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, मेअखेरीस सहाच्या आसपास, म्हणून वेळ घड्याळापेक्षा उन्हाला धरून ठेवा. त्या पंधरा मिनिटांत दिसलेली-ऐकलेली प्रत्येक जात लिहायची, कावळा-पारवासुद्धा. ‘रोजचेच आहेत’ म्हणून गाळायचं नाही. आकडा लिहिताना एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढाच लिहा. बुलबुलाची जोडी पेरूवर तीनदा आली म्हणून बुलबुल सहा होत नाहीत. नमुना असा:

१९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५ ते ७.२०. थंडी, वारा नाही. चिमणी ६. लालबुड्या बुलबुल २, पेरूवर. साळुंकी ४. शिंपी १, आवाज. दयाळ १, नर, तारेवर, गाणं सुरू. जांभळा सूर्यपक्षी १, जास्वंद. थिरथिरा १, मादी, कुंपणावर. पारवा ११. घार १, वरून. गायबगळे १४, वरून, पूर्वेकडे. तांबट नाही.

‘गाणं सुरू’ आणि ‘तांबट नाही’ हे शब्द नीट बघा. दयाळ थंडीत बहुधा गप्प असतो. कधीतरी एका पहाटे तारेवर बसून शीळ घालू लागतो, म्हणजे त्याच्या विणीच्या हंगामाची तयारी सुरू झाली. ही तारीख पक्षी दिसण्याच्या तारखेहून मोलाची. आणि रोज दिसणारा पक्षी आज नसेल तर तेही लिहायचं. घरखर्चाच्या वहीत ज्या दिवशी खर्च नाही त्या दिवशीही आपण तारीख घालून रेघ मारतो, तसं. पाऊस होता, पंधरा मिनिटांत काहीच नाही, तर ‘काही नाही’ लिहा. त्या ओळीमुळेच पुढे कळतं की पक्षी नव्हता, का बघणारी नव्हती.

ठरलेल्या वेळेबाहेर, भांडी घासताना खिडकीतून काही दिसलं तर यादीत जरूर घ्या. फक्त त्या नोंदीपुढे ‘सहज’ असं लिहा, म्हणजे ती पंधरा मिनिटांच्या हिशेबात मिसळणार नाही.

आता नाशिकचं वर्ष. आपल्या शहराची जागा मजेशीर आहे. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीचा मुसळधार पावसाचा पट्टा, पूर्वेला सिन्नर-येवल्याचं कोरडं माळरान, मधून गोदावरी. खाली निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचं पाणी. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तेच जाहीर झालं. म्हणून एकाच शहरात दोन बहिणींच्या याद्या सारख्या येत नाहीत, आणि येऊही नयेत.

जानेवारीत सगळं दारात येऊन बसलेलं असतं. थिरथिऱ्याला उघडी जमीन, पडकी भिंत, बांधकामाची वाळू असं सगळं चालतं. नराचं डोकं-छाती काळी आणि पोट विटकरी, मादी तपकिरी. मादी एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसली की आधी एकदा झुकते आणि मग तिची तांबूस शेपटी सतारीची तार छेडल्यासारखी थरथरते. ते थरथरणं एकदा डोळ्यात बसलं की पन्नास फुटांवरूनही ओळख पटते. लाल छातीचा माशीमार शेवग्यासारख्या झाडाच्या आतल्या फांदीवर बसतो, शेपटी वर उचलतो आणि एक सुकी ‘टर्र’ काढतो. धोबी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीभोवती सापडतात. मेंदीच्या कुंपणात लपून दिवसभर ‘चक्, चक्’ करणारा आणि कधीच नीट न दिसणारा असतो तो बहुतेक ब्लिथचा बोरू वटवट्या. आठवडाभर त्याच जागी तोच आवाज ऐका, एक दिवस तो कुंपणाच्या टोकाला येतोच.

संक्रांतीच्या सुमारास बंदी असलेला नायलॉन मांजा उघड विकला जातो आणि मग वर्षभर झाडांना लोंबत राहतो. पतंगाचे दिवस संपले की काठीला विळी बांधून आपल्या आणि शेजाऱ्यांच्या झाडावरचा मांजा उतरवून घ्या, गुंडाळून कापा आणि मगच कचऱ्यात टाका. यादीत भर घालणारं काम नाही हे, पण पहिल्या महिन्यात मी हेच आधी करायला सांगतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलले की भोरड्या येतात. गुलाबी-काळ्या मैनांचे हे थवे ऑगस्टपासूनच आपल्याकडे असतात, पण घराजवळ येतात ते या फुलांसाठी. तुमच्याकडे ही झाडं नसली तरी गच्चीवरून ती कुठे आहेत ते शोधून ठेवा. पाय हद्दीत, पक्षी कुठेही, हा नियम इथे उपयोगी पडतो. याच दिवसांत बहिणीकडे द्राक्षकाढणी चालू असेल. बुलबुल, साळुंक्या, पोपट हे सगळे घडांवर येतात आणि शेतकरी जाळ्या, चमकी पट्ट्या लावून बसलेला असतो. तिच्या यादीला तो सुगीचा काळ, शेतकऱ्याला अर्थातच नाही.

मार्चपासून कोकिळ पहाटे चारला सुरू होतो आणि तांबटाची टुकटुक दुपारभर चालते. पावशाचं ‘पेर्ते व्हा’ ऐकू येऊ लागतं. एप्रिलअखेर हिवाळी पाहुणे निघून गेलेले असतात आणि वही सुनी पडते. बहुतेक जण याच वेळी वही बंद करतात, आणि मला नेमकं ते पटत नाही. मे महिन्यात जे मिळतं ते वर्षात पुन्हा मिळत नाही. मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला नवरंग येतो. दिवसा जमिनीवर, पालापाचोळ्यात फिरतो आणि रात्री प्रवास करतो. शहरातल्या दिव्यांना आणि काचांना भुलून तो कधी कधी घराच्या ओट्यावर येऊन पडतो. असा सापडला तर पाणी पाजू नका, हातात धरून फोटो काढू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा, अंधाऱ्या शांत जागी तासभर राहू द्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बऱ्याचदा तो नुसता गुंगलेला असतो, शुद्धीवर आला की उडून जातो.

पावसाच्या तोंडाशी चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, आणि तारेवर बसून धातूवर वाजवल्यासारखा आवाज. आफ्रिकेकडून येणारा हा पाहुणा पाथर्डी-वाडीवऱ्हेच्या उघड्या बाजूला सहज दिसावा. त्याची पहिली तारीख आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख शेजारी-शेजारी लिहून ठेवा, दोन्हीतलं अंतर दर वर्षी वेगळं निघतं. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या जाती फारशा मिळत नाहीत. पण कावळ्याच्या मागे तोंड उघडून ओरडत फिरणारं कोकिळेचं पिल्लू, गवताचा लांब तुकडा चोचीत धरून जाणारी मुनिया, बहिणीकडे कालव्याकाठच्या बाभळीवर सुगरणीच्या अर्धवट झोळ्या, हे सगळं याच दिवसांत दिसतं.

सप्टेंबरात करडा धोबी येतो, हिवाळ्याची पहिली वर्दी त्याचीच. त्याच्या मागोमाग पर्णवटवटे, मग माशीमार, मग थिरथिरा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेच्या ओळी उघड्या पडतात. मखमलाबादला गप्पीदास, धोबी, पांढुरक्या मुनिया तेव्हा गच्चीवरून सोप्या दिसतात. दिवाळीनंतर पुन्हा सगळं जागच्या जागी.

दुपारी अकरानंतर मान वर करायची सवय लावा. जमीन तापली की शिकारी पक्षी गरम हवेच्या भोवऱ्यावर चढतात. आपल्यापासून विसेक किलोमीटरवर अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे, आणि गिधाडं अन्नासाठी दूरवर फिरतात. पांडवलेण्याच्या डोंगरावर घिरट्या घालणाऱ्या घारींच्या गर्दीत एखादा फार मोठा, रुंद पंखांचा, आखूड शेपटीचा पक्षी दिसला तर दुर्बीण सोडू नका. घारीची शेपटी दुभंगलेली, गिधाडाची नाही. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं गच्चीवर नुसतं उभं राहिलं तरी ‘वॉक’ करत जाणारा रातबगळा मिळतो, आणि दिवसा न दिसणारं गव्हाणी घुबड चिरका आवाज काढत जातं.

ओळखीच्या अडचणींपैकी दोन सांगतो, कारण वर्षयादीत खोट्या जाती बहुतेक इथूनच शिरतात.

पहिली सूर्यपक्ष्यांची. जास्वंदीवर येणारे दोन. जांभळा सूर्यपक्षी आणि पंचरंगी सूर्यपक्षी. पंचरंगी नराचं पोट पिवळं आणि छातीवर गडद तांबडा पट्टा, वर्षभर तसाच. जांभळा नर विणीच्या काळात सगळाच काळा-जांभळा चमकतो, पण वीण आटोपल्यावर तो रंग उतरवतो. मग वरून मळकट, खालून फिकट पिवळा आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ, शाई सांडल्यासारखी. पावसाळा सरता सरता असा पक्षी दिसला की नवशिके ‘तिसरी जात’ म्हणून वहीत टाकतात. तो जांभळाच, कपडे बदललेला. माद्यांमध्ये गळा बघा. पंचरंगी मादीचा गळा राखाडी-पांढरा, जांभळ्या मादीचा पिवळसर.

दुसरी शिक्रा आणि पावशाची. पावशा उडताना हुबेहूब शिक्ऱ्यासारखा दिसतो, झाडात शिरला की बुलबुल-सातभाई तसाच ओरडा करतात. बसलेला दिसला तर पाय आणि चोच बघा. शिक्ऱ्याचे पाय लांब, पिवळे, मजबूत, आणि चोच आखूड, आकड्यासारखी. पावशाचे पाय आखूड, चोच बारीक आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. बसल्यावर पावशाची शेपटी आणि पंख जरा गळल्यासारखे लोंबतात, शिक्रा ताठ बसतो. उडतानाच दिसला आणि खात्री नाही, तर ‘शिक्रा किंवा पावशा’ असं लिहा आणि यादीत घेऊ नका. घाई कसली? दोघेही वर्षभरात पुन्हा येणार आहेत.

मोबाईलवर आवाज ऐकून नाव सुचवणारी अ‍ॅप्स आली आहेत, मर्लिन त्यातलं सगळ्यात वापरातलं. वापरा, पण त्याने नाव दाखवलं म्हणजे पक्षी नोंदला असं धरू नका. नाव दिसलं की आवाजाच्या दिशेने बघा. पक्षी डोळ्यांना दिसला, किंवा तो आवाज तुम्ही स्वतः पुन्हा ओळखू शकलात, तर लिहा. बहिणींच्या स्पर्धेत तर हा नियम पहिल्याच पानावर हवा. आणि पक्ष्याला बाहेर काढायला त्याचाच आवाज मोबाईलवर वाजवायचा नाही, विणीच्या काळात तर मुळीच नाही. घरटं सापडलं तर त्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८ पट मोठं दाखवणारी, ८×४० किंवा ८×४२ अशी घ्या. १० पटीची हातात हलते, आणि बागेतल्या अंतराला तिची गरजही नाही. दुर्बिणीवर जास्त खर्च करण्यापेक्षा बागेत काय बदलता येईल ते बघा, मला तरी त्याचाच परतावा मोठा वाटतो.

पाणी सगळ्यात आधी. मातीची उथळ परात, दीड-दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास होते. परात मेंदीच्या अगदी जवळ ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. दाणे टाकायला मी सांगत नाही. बाजरी-तांदूळ टाकले की चिमण्यांच्या आधी पारवे जमतात आणि मग सोसायटीत भांडण. झाडंच लावा. सिंगापूर चेरीचं झाड दोन-तीन वर्षांत फळतं आणि बुलबुल, तांबट, कोकिळा, फुलटोच्या सगळे त्यावर येतात. जागा थोडी असेल तर तुती. गवताची हिरवळ पक्ष्यांना जवळपास निरुपयोगी. त्याऐवजी एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडू नका. तो उलथापालथा करायला दयाळ येतो, आणि नशीब असेल तर थंडीत नारिंगी डोक्याचा कस्तूर. शेवग्याची वाळलेली फांदी धोकादायक नसेल तर तोडू नका, तांबट मऊ झालेल्या लाकडातच भोक पाडून घर करतो.

चिमण्यांसाठी लाकडी घरटं टांगायचं तर भोक साधारण ३२ मिलिमीटरचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. २० मार्चला साजरा होणारा जागतिक चिमणी दिवस आपल्या नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने सुरू केला, २०१० पासून. त्या दिवशी शेजारपाजारच्या मुलांना घेऊन तुमच्या गल्लीतल्या चिमण्या मोजा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याच वेळी पुन्हा मोजा.

नोंदी नुसत्या कपाटात ठेवू नका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घराच्या नावाने जागा तयार करून रोजची पंधरा मिनिटांची यादी टाकता येते. घराचा नेमका पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर नकाशावरची खूण थोडी बाजूला टाकली तरी चालते. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, २०१३ पासून जगभर होतो, आणि त्यात सहभागी व्हायला पंधरा मिनिटांची एक नोंदही पुरते. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हे दोन टप्पे म्हणजे फेब्रुवारीत पाहुणे जायच्या आधीची मोजणी आणि नोव्हेंबरात ते आल्यानंतरची. दोघी बहिणींनी निदान त्या दिवसांत एकाच वेळी, आपापल्या गच्चीवर बसा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती जाती म्हणजे चांगली यादी. माझं मत असं की शहरातल्या छोट्या बागेतून, वरून जाणारे धरून, पन्नासच्या आसपास जाती झाल्या तर वर्ष चांगलं गेलं समजा. मखमलाबादची यादी तुमच्यापेक्षा मोठी होईल हे आताच मान्य करा. तिच्याकडे शेत, कालवा, गंगापूर धरणाकडून येणारे-जाणारे पाणपक्षी. तुमच्याकडे डोंगर, त्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान आणि खडकाळ माळ. बरोबरीची स्पर्धा हवी असेल तर बेरीज मोजू नका. वर्षाअखेर दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि एकीकडे असलेली पण दुसरीकडे नसलेली जात शोधून तिला दोन गुण द्या. तिन्ही तारखा भरलेल्या प्रत्येक हिवाळी पाहुण्याला आणखी एक गुण. या हिशेबात द्राक्षबाग असूनही बहीण हरू शकते, कारण तारखा भरायला रोज बसावं लागतं. आणि थिरथिरा आजच लिहून ठेवा, त्याच्या शेवटच्या तारखेची जागा एप्रिलपर्यंत रिकामी ठेवायला विसरू नका.